कार्यालयात रोज दहा मिनिटे ध्यान ठेवायचे झाले, तर ते कसे ठेवावे?

ओवी

नमस्कार. मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एकवीस जणांच्या गटाचे काम पाहते. गेल्या वर्षभरात आमच्या गटातले चार जण नोकरी सोडून गेले आणि त्यांपैकी दोघांनी निरोप घेताना जवळजवळ एकच गोष्ट सांगितली: काम जमत होते, पण घरी गेल्यावरही डोके बंद होत नव्हते. मागच्या आठवड्यात मनुष्यबळ विभागाने मला बोलावून घेतले. मी आठ वर्षांपासून आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याचे ध्यान, करते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून रोज सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटे या वेळेत संपूर्ण गटाकडून माइंडफुलनेसचा, म्हणजे सजग राहण्याचा, सराव करून घ्यावा, त्याची हजेरी ठेवावी आणि तीन महिन्यांनी कामाचा वेग किती वाढला याचे आकडे द्यावेत, असे त्यांनी सुचवले.

या सरावाचा उपयोग होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन वर्षांपूर्वी एका रात्री ग्राहकाची प्रणाली बंद पडली, फोनवर सहा जण एकाच वेळी बोलत होते आणि मी एक आज्ञा टंकून ठेवली होती. एंटर दाबण्यापूर्वी छातीतली धडधड जाणवली, म्हणून मी दोन श्वास थांबले. तेवढ्यात लक्षात आले की मी चाचणीच्या नव्हे, तर चालू, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या, सर्व्हरवर उभी आहे. ते दोन श्वास नसते, तर ग्राहकाची सहा तासांची माहिती गेली असती.

तरीही हजेरी आणि आकडे हे शब्द ऐकल्यापासून मन अस्वस्थ आहे. आपल्यापैकी कोणाच्या कामाच्या ठिकाणी असा उपक्रम चालतो का? त्याने माणसांना बरे वाटते का, काम सुधारते का, की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? कृपया अनुभव लिहावेत.

शब्दवेल्हाळ

चांगला विषय. उत्तर देण्यापूर्वी शब्दाविषयी थोडे लिहितो, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. पालीतल्या 'सति' या शब्दासाठी र्‍हिस डेव्हिड्स या अभ्यासकाने १८८१ मध्ये 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला. 'सति' म्हणजे संस्कृतातली 'स्मृति'. म्हणजे मुळात हा शब्द शांततेचा किंवा विश्रांतीचा नाही, तर आठवण राहण्याचा आहे: मी आत्ता काय करतो आहे, याची आठवण. मराठीत 'सजगता' हा शब्द रुळला आहे, पण मला समर्थांचा 'सावधपण' अधिक जवळचा वाटतो. त्यांनी हरिकथा आणि राजकारण यांच्यानंतर तिसरे स्थान 'सावधपण सर्वविषयीं' याला दिले आहे. 'सर्वविषयीं' हे महत्त्वाचे, कारण त्यात दहा ते दहा-दहा अशी वेळ नेमलेली नाही.

जुनी_वही

ओवीताई, कार्यालय आणि ध्यान यांचा संबंध काल-परवा जुळलेला नाही. सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाच्या महालेखापाल कार्यालयात साध्या कारकुनापासून चढत गेले आणि ४ जानेवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी महालेखापाल झाले. त्यांनी आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवायला सुरुवात केली, १९५० मध्ये कार्यालयाचेच विपश्यना मंडळ स्थापन झाले आणि १९५२ मध्ये रंगूनचे ध्यानकेंद्र उभे राहिले. दिवसभर जमाखर्च तपासणारा हा माणूस त्याच दिवसात साधकांनाही वेळ देत असे.

मी स्वतः राज्य शासनाच्या लेखा शाखेत तेहेतीस वर्षे काम केले. आमच्याकडे अधिकाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा देण्याची तरतूद आहे, तिचा लाभ घेऊन मी इगतपुरीला दहा दिवस राहून आलो. परतल्यावर देयके पूर्वीपेक्षा भराभर तपासू लागलो असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच पडला की, ठेकेदार टेबलापाशी येऊन आवाज चढवू लागला की माझा हात पूर्वी थरथरत असे, तो थरथरेनासा झाला. तो फरक कोणत्या तक्त्यात मांडता आला असता, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. पुढे भारतात विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीवर उपाय म्हणून. गुरूंनी त्यांना आधी नकार दिला. डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या नाही, मनाचा मळ काढायचा असेल तर या, डोकेदुखी जायची असेल तर ती ओघाने जाईल, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे होते. आपल्या मनुष्यबळ विभागाला ही हकिगत जरूर सांगावी.

रात्रपाळी

वरचे प्रतिसाद आदराने वाचले, पण मला वेगळे म्हणायचे आहे. मी ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये काम करते. एक कॉल संपला की नोंद करायला काही सेकंद मिळतात आणि लगेच पुढचा कॉल कानात येतो. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, समोरच्या फलकावर सतत दिसत असतो. पाणी प्यायला उठले तर तीही नोंद होते. अशा ठिकाणी आम्हाला गेल्या वर्षी ध्यानाचे एक ॲप मोफत देण्यात आले आणि त्याच महिन्यात प्रत्येकीचे कॉल वाढवण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद करताना तो आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानली, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण हे त्याचे मूळ सांगितले. मूळ कामात आहे आणि उपाय मात्र माझ्या श्वासात शोधायचा, हे मला पटत नाही. ध्यानाला माझा विरोध नाही. माझी आजी रोज पहाटे जप करीत असे आणि तिच्या चेहऱ्यावरची शांतता मी पाहिली आहे. परंतु आजीच्या जपाची हजेरी कोणी घेत नव्हते.

कोडकर

+१. शेवटचे वाक्य फार आवडले.

आकडेवेडा

ओवी यांच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींवर बऱ्यापैकी संशोधन झालेले आहे. पहिला भाग, बरे वाटते का? २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात गोयल आणि सहकाऱ्यांनी ४७ चाचण्यांचा, एकूण ३,५१५ सहभागींचा, एकत्रित आढावा घेतला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा म्हणता येईल अशी सुधारणा आढळली. मात्र व्यायाम किंवा औषधे यांसारख्या दुसऱ्या उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरते, असे आढळले नाही. म्हणजे लाभ खरा आहे आणि माफक आहे.

कामाच्या ठिकाणी मात्र चित्र बदलते. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, ॲप, तणाव सोसण्याचे प्रशिक्षण अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अपवाद होता तो स्वयंसेवी कामाची संधी मिळालेल्यांचा. ही एका वेळची पाहणी होती, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी नव्हती, त्यामुळे ज्यांना आधीच जास्त त्रास होता तेच वर्गाला गेले असण्याची शक्यता उरते. तरीही एवढ्या मोठ्या संख्येत फरक न दिसणे हा रात्रपाळी यांच्या म्हणण्याला आधार आहे.

आता दुसरा भाग, काम वाढते का? हाफेनब्रॅक आणि वोह्स यांनी २०१८ मध्ये प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली. थोडा वेळ ध्यान केल्यानंतर लोकांना समोर दिलेले कंटाळवाणे काम करण्याची इच्छा कमी झाली, पण त्यांनी केलेल्या कामाचा दर्जा मात्र घसरला नाही. ओढ कमी झाली तसे मन भरकटणेही कमी झाले असावे आणि दोन्ही मिळून हिशोब बरोबरीत सुटला असावा, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. त्यामुळे दहा मिनिटे बसवले की तीन महिन्यांत वेग वाढेल, असे वचन ओवी यांनी कोणालाही देऊ नये.

ओवी

आकडेवेडा, मनापासून आभार. 'वचन देऊ नये' हे मी वहीत लिहून ठेवले आहे. रात्रपाळी, तुम्ही लिहिलेले वाचून मला आमच्या गटाचा गेल्या वर्षीचा मार्च महिना आठवला. त्या महिन्यात मीच रात्री अकरा वाजता संदेश पाठवत होते. त्याचा विचार करते आहे.

घाटवाट

मी रेल्वेत लोको पायलट आहे आणि कसारा घाटात बरीच वर्षे गाडी चालवली आहे. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, असा उतार आहे आणि तिथे लक्ष उडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे कोणी ध्यानाला बसवत नाही, पण सावध राहण्याची रीत कामातच शिवलेली आहे. सिग्नल दिसला की साहाय्यक त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो, हाताने खूण करतो, आणि मी तोच रंग पुन्हा मोठ्याने उच्चारतो. नवख्याला ही औपचारिकता वाटते. पण रात्री तीन वाजता, पावसात, दोन तास त्याच त्या रुळांकडे पाहिल्यावर डोळे उघडे असूनही माणूस आत नसतो, आणि तोंडाने 'पिवळा' म्हणावे लागते तेव्हा तो परत येतो.

जपानच्या रेल्वेत हीच पद्धत बोट दाखवून आणि उच्चार करून फार काटेकोरपणे पाळतात. तिकडच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या चाचणीत काहीच न करता दर शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या. बोट दाखवून उच्चार केल्यावर त्या ०.३८ वर आल्या. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकले, तेव्हापासून मी कधी पुटपुटत रंग सांगितलेला नाही.

ओवीताई, तुमचे ते दोन श्वास आणि आमचा 'पिवळा' एकाच जातीचे आहेत असे मला वाटते. मग तो थांबा तुमच्या कामातच का बसवू नये?

शुश्रूषा

घाटवाट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात दहा मिनिटे डोळे मिटून बसणे ही कल्पनाही करता येत नाही, पण दर रुग्णामागे हात धुवावे लागतात. साबणाने नीट धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद लागतात. अनेक वर्षे मी ती सेकंदे पुढच्या कामांची यादी मनात घोकण्यात घालवत होते. सहा वर्षांपूर्वी औषधे देण्याच्या फेरीत एका नातेवाइकाच्या प्रश्नाला उत्तर देता देता मी शेजारच्या खाटेसाठी काढलेले अँप्यूल उचलले. सिरिंजमध्ये औषध भरण्याआधी लेबल वाचण्याच्या सवयीने चूक टळली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून हात धुताना मी फक्त पाण्याचा गारवा आणि बोटांमधला फेस यांकडे लक्ष देते. आधीच्या खाटेवरचे दुःख तिथेच पाण्यात सोडायचे आणि पुढच्या रुग्णाकडे रिकाम्या मनाने जायचे, एवढाच माझा सराव. दिवसात तीस-चाळीस वेळा तो होतो. तो कोणी शिकवला नाही आणि त्यासाठी पाळीतला वेळही मागावा लागत नाही. मात्र एका परिचारिकेकडे चाळीस खाटा असतील, तर तो मिनिटभराचा वेळही हिरावला जातो, हे रात्रपाळी यांच्या बाजूने नमूद करते.

कोडकर

माझा अनुभव थोडा उलटा आहे. प्रोग्रॅम लिहिताना माझे सर्वांत चांगले काम तेव्हा होते, जेव्हा मला स्वतःचे, वेळेचे, भुकेचे भान राहत नाही. अशा वेळी 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणणे म्हणजे लागलेली तंद्री मोडणे. कामाच्या दृष्टीने तंद्री अधिक मोलाची नाही का?

तेरकर

कोडकर, मी तेरचा आहे, गोरोबाकाकांच्या गावचा, त्यामुळे तुमचा प्रश्न आमच्या घरचाच आहे. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगत आलेले स्वतःचे मूल गोरोबाकाकांच्या पायाखाली आले, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. कीर्तनकार ती भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात आणि शेवटी विठ्ठलकृपेने मूल परत मिळते. मी त्या भक्तीपुढे नतमस्तक आहे. परंतु माझे वडील याच कथेच्या शेवटी नेहमी म्हणत की, आपल्यासारख्यांनी चिखल तुडवताना खाली बघावे.

तल्लीनता आणि सावधपण या दोन वेगळ्या अवस्था आहेत. तल्लीनतेत काम उरते आणि भोवताल नाहीसा होतो. सावधपणात काम आणि भोवताल दोन्ही उरतात. आपल्याला दोन्ही लागतात, पण कोणत्या वेळी कोणती, हे ओळखायला सावधपणच लागते. प्रोग्रॅम लिहिताना तंद्री लागू द्यावी. तो चालू सर्व्हरवर चढवताना लागू देऊ नये. ओवीताईंच्या त्या रात्री नेमके हेच घडले, असे मला वाटते.

कोडकर

पटले. 'चढवताना लागू देऊ नये' हे उद्या आमच्या फळ्यावर लिहितो.

मनोमित्र

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, म्हणून एका धोक्याकडे लक्ष वेधतो. डोळे मिटून शरीराकडे लक्ष देणे बहुतेकांना सुखाचे असते, सर्वांना नव्हे. ज्यांनी मोठा आघात सोसलेला आहे, ज्यांना घबराटीचे झटके येतात, त्यांच्यापैकी काहींना शांत खोलीत श्वासाकडे पाहताच धडधड वाढते किंवा नको त्या आठवणी उसळून येतात. असा माणूस सहकाऱ्यांच्या देखत बसलेला असेल आणि हजेरी लागत असेल, तर त्याला उठून जाणेही कठीण होते. त्यामुळे सराव ऐच्छिक असावा, डोळे उघडे ठेवण्याची आणि बसण्याऐवजी चालण्याची मुभा असावी, आणि न येणाऱ्याला कारण विचारले जाऊ नये. ज्याला खरोखर उपचारांची गरज आहे, त्याच्यासाठी ध्यान हा पर्याय नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक त्या खोलीत लावून ठेवावा. तिथे मराठीतही बोलता येते.

सातासमुद्रापार

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये इथल्याच वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला, तो दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या आणि इतर उपचारांनी पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांसाठी. मी तो केला आहे. आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक पूर्ण दिवस मौन, आणि घरी रोज पाऊण तास सराव. संशोधनातले बरेच चांगले निष्कर्ष या मात्रेचे आहेत. दहा मिनिटांच्या मात्रेला तेच निष्कर्ष चिकटवणे म्हणजे अर्ध्या गोळीकडून पूर्ण गुणाची अपेक्षा करणे.

तरीही दहा मिनिटे व्यर्थ आहेत असे मी म्हणणार नाही. ती शिकण्याची जागा म्हणून ठेवावीत, कारण घाटवाट आणि शुश्रूषा यांच्याकडचा थांबा कामाच्या शिस्तीने लागतो, आणि संगणकापुढे बसणाऱ्याला तो आधी कुठेतरी शिकावा लागतो.

जुनी_वही

रात्रपाळी, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचे राहून गेले होते. मी लिहिलेल्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती तुमच्यामुळे दिसली. ऊ बा खिन कार्यालयाचे प्रमुख होते आणि तरीही ते स्वतः आधी बसत. त्यांनी जे शिकवले ते वरून पाठवलेले परिपत्रक नव्हते. ज्या ठिकाणी वरिष्ठ स्वतः बसत नाहीत आणि खालच्यांना मात्र बसवतात, तिथे तुमची तक्रार योग्य आहे.

रात्रपाळी

काका, असे लिहिल्याबद्दल आभार. एवढे कोणी आमच्या ठिकाणी म्हटले असते, तरी मी ते ॲप उघडून पाहिले असते.

ओवी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही ठरल्याशिवाय लिहायचे नव्हते. मनुष्यबळ विभागाशी दोन बैठका झाल्या. हजेरी रद्द करून घेतली. कामाच्या वेगाशी तुलना करायची नाही, हे मान्य व्हायला वेळ लागला. आकडेवेडा यांनी सांगितलेले संशोधन पुढे ठेवल्यावर ते मान्य झाले. सुमारे बारा जणांना बसता येईल अशी एक लहान खोली मिळाली असून तिच्या दारामागे टेली-मानसचा क्रमांक लावला आहे. पहिल्या दिवशी अकरा जण आले, आता सहा-सात जण नियमित येतात. त्यांत आमच्या विभागाचे प्रमुख आहेत, हे जुनी_वही यांना मुद्दाम सांगते.

दुसरा बदल घाटवाट यांच्यामुळे झाला. चालू सर्व्हरवर काहीही चढवताना आता दोन जण असतात. करणारा सर्व्हरचे नाव आणि आज्ञा मोठ्याने वाचतो, दुसरा ती पुन्हा उच्चारतो, आणि मगच एंटर दाबले जाते. पहिले दोन दिवस सगळे संकोचले. नवव्या दिवशी नाव उच्चारताना एक चूक सापडली आणि त्यानंतर संकोच गेला. एका तासाच्या बैठका पन्नास मिनिटांवर आणल्या, म्हणजे दोन बैठकांच्या मध्ये माणूस उठून पाणी पिऊ शकतो.

तिसरा बदल माझा स्वतःचा आहे. संध्याकाळी सातनंतर मी गटाला संदेश पाठवत नाही. अकरा वाजता काही सुचले, तर ते कागदावर लिहून ठेवते आणि सकाळी पाठवते. यातल्या निम्म्या गोष्टी सकाळी पाठवण्यासारख्या राहत नाहीत, हे मला आधी कळायला हवे होते. कामाचा भार अजून तेवढाच आहे आणि गेलेल्या चार जणांपैकी दोनच जागा भरल्या आहेत. उरलेल्या दोघांसाठी मागणी लेखी दिली आहे आणि ती मी सोडणार नाही.

शुश्रूषा

ओवी, वाचून फार बरे वाटले. लेखी मागणीचे काय होते, तेही इथे कळवा.

रात्रपाळी

एक विचारायचे होते. तुमच्याकडे रात्री काम करणारी माणसेही असतील. ती खोली त्यांच्यासाठी उघडी असते का?

ओवी

नव्हती. तुमचा प्रश्न वाचून आज व्यवस्थापनाशी बोलले. आजपासून खोलीची चावी रात्री पहाऱ्यावरच्या काकांकडे राहील, आणि ती मागणाऱ्याच्या नावाची नोंद होणार नाही.